पद्माकाकूंची कोरडी चादर

१

त्या मंगळवारी सकाळी आज्जीने मला गॅलरीच्या दारातून हाक मारली. नुसतं "वर्षे" एवढंच म्हणाली, पण आवाज असा होता की मी टूथब्रश तोंडात धरूनच पळत गेले.

नागवेलीची खालची पानं गळून ग्रिलमध्ये पडली होती. पिवळी, मऊ, भिजलेल्या कागदासारखी लिबलिबीत. वेलीवर अजून कितीतरी पानं त्याच वाटेवर होती. काही दिवस ती फिकट दिसत होती खरी, पण आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल. आता मात्र बघणाऱ्याला कळत होतं की वेल मरायला टेकली आहे.

ही विड्याच्या पानांची वेल. आजोबा गेल्यावर पप्पांनी आज्जीला मिरजेजवळच्या आमच्या गावाहून मोशीला आणलं, तेव्हा तिच्या पिशवीत लुगडी, पानाची चंची आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं या वेलीचं एक कांडं होतं. पप्पांनी रंगाच्या रिकाम्या बादलीला ड्रिलने खालून भोकं पाडली, माती भरली आणि बादली ग्रिलच्या बाहेरच्या फळीवर ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यात हे काही जगत नाही, असं आई म्हणाली होती. वेलीने ग्रिलभर पसरून आईला खोटं पाडलं.

आज्जीच्या सासरी पानमळा होता. पानमळ्याचे नियम फार कडक असतात. चप्पल बांधाबाहेर काढायची, आत भांडायचं नाही, आणि पाळीच्या दिवसांत बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही. नागवेल सोवळी असते म्हणे. गंमत अशी की आज्जीचा या वेलीवर एवढा जीव, पण ती स्वतः तिला कधी हात लावायची नाही. पान हवं असलं की मला खुडायला लावायची. दारात पाट टाकून नुसती बघत बसायची. मला वाटायचं, वाकवत नाही म्हणून.

पाणी घालायचं काम वहिनीचं. विजयश्रीवहिनी म्हणजे माझ्या सुजितदादाची बायको, दिवाळीनंतर लग्न होऊन आमच्याकडे आली. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. तिची फर्स्ट शिफ्ट असते, त्यामुळे कंपनीची बस गाठायच्या आधी वेलीला एक मग पाणी, असा तिचा नेम.

आज्जीने गळलेल्या पानांकडे बघितलं आणि मग स्वयंपाकघराकडे, जिथे वहिनी डबा भरत होती.

"असं मळ्यात बी एकदा झाल्यालं," ती म्हणाली. "शिवाशिव झाली की वेल अशीच पिवळी पडती. हल्लीच्या पोरींना सांगून बी कळत न्हाई."

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. तेवढाच आवाज झाला. मग ती चप्पल घालून निघून गेली, आणि त्या दिवशी वेलीला पाणी कुणीच घातलं नाही.

संध्याकाळी तिचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं. दादाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. या गुरुवारी वहिनीही रजा टाकणार होती आणि दोघं महाळुंग्याला जाऊन खोली पक्की करणार होते. कंपन्या जवळ पडतील, जाण्यायेण्याचा त्रास वाचेल, असं ती घरमालकाला सांगत होती. बोलणं संपल्यावर ती फोन मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. कंपनी जवळ पडल्याचा आनंद झालेलं माणूस असं बसत नाही.

मला ही वहिनी जाऊ द्यायची नव्हती. आमच्या घरात मी काही सांगायला लागले की पप्पा बातम्या बघतात आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजते. वहिनी आधी ऐकते, मग हसते.

मी दहावीत आहे. या वर्षी विज्ञान प्रदर्शनात पहिल्यांदा माइक हातात धरला आणि मला एक शोध लागला. मोठ्या माणसांना सरळ प्रश्न विचारला, तर ती बहुतेक वेळा उत्तर देतात. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. ही केस माझी होती. गुरुवारच्या आत खरा गुन्हेगार सापडला नाही, तर आमच्या घरातून वेलीच्या आधी वहिनी जाणार होती.

२

पहिला जबाब खुद्द आरोपीचा. बुधवारी दुपारी वहिनी शिफ्ट संपवून आली. मी शाळेतून येऊन तिची वाटच बघत होते. ती गॅलरीत यायला तयार नव्हती, म्हणून मी गळलेली पानं ताटलीत घालून तिच्यापुढे जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"हे काय, पोस्टमार्टेम?" ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच समज. आणि सरळ विचारलं की तू वेलीला नेमकं काय केलंस. ती म्हणाली, एक मग पाणी, त्याच मगाने, लग्न झाल्यापासून. पाळीच्या दिवसांतही घातलं, हेही तिने मान खाली न घालता सांगितलं. आणि पहिल्या महिन्यांत तर वेल हिरवीगार होती, तेव्हा काय तिला पाळी येत नव्हती?

माझ्या मनात पहिली नोंद झाली. पाणी तेच, हात तोच, तरी वेल आधी ठणठणीत आणि आता आजारी.

"आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला ना, की आधी ऑपरेटरवर ओरडत नाहीत," वहिनी म्हणाली. तिची बोटं नकळत एक पान उलटंपालटं करायला लागली होती. "आधी पार्ट नीट बघतात. मग विचारतात, बदललं काय? मशीन, माणूस, माल, पद्धत. काहीतरी बदलल्याशिवाय चांगला चाललेला पार्ट बिघडत नाही. आणि उत्तर मिळालं की परत 'का' विचारायचं. मग परत 'का'. व्हाय-व्हाय म्हणतात त्याला."

मग आम्ही पार्ट नीट बघितला. मी शाळेत विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठून पिवळ्या पानांबद्दल सगळं विचारून घेतलं होतं. खत जास्त झालं किंवा पाणी खारट असलं, तर पानाचे काठ करपतात. इथे काठ साफ होते. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे कोवळा शेंडा हिरवा होता आणि खालची जुनी पानं शिरांसकट पिवळी. पानामागे ना किडा, ना जाळी, ना ठिपका. उन्हाने भाजलेल्या पानावर तपकिरी डाग असतो, तोही नव्हता.

राहिली दोन कारणं. पाणी कमी किंवा पाणी जास्त.

"तहानेने मेलेलं पान कुरकुरीत होतं," मी म्हटलं आणि एक पान चिमटीत दाबलं. त्यातून पाणी आलं. "हे बुडून मेलंय."

वहिनीचा चेहरा उतरला, कारण पाणी घालणारी तीच. मी म्हटलं, थांब, आपण माती बघू. गॅलरीत गेले आणि बादलीत डोकावले.

माती वरून कोरडी ठणठणीत होती. तिला चक्क भेगा पडल्या होत्या.

३

बुडून मेलेला माणूस वाळवंटात सापडावा, तशी ही गोष्ट होती. मी बराच वेळ त्या भेगांकडे बघत उभी राहिले. मग लक्षात आलं की या मातीचा रंग आमच्या मातीचा नाही. ही जरा जास्तच काळी, आणि ओळखीच्या वासाची.

चहा.

आईने गुन्हा हसत कबूल केला. रोजचा चहाचा चोथा ती वेलीत टाकते, झाडांना चांगला असतो असं तिला कुणीतरी सांगितलंय. कधीपासून टाकतेस, असं मी दरडावून विचारलं, तर म्हणाली, वेल लावल्यापासून, आणि माझ्याशी पोलिसासारखं बोलू नकोस, भेंडी चिरायला घे. पप्पांना विचारायला गेले, तर त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता जबाब दिला की मी त्या वेलीला फक्त गुड मॉर्निंग म्हणतो, त्याने पिवळी पडत असेल तर माहीत नाही.

म्हणजे चोथाही जुनाच. त्यात काही बदललं नव्हतं. पण वाऱ्याने वाळून त्याची वर पापडी झाली होती, आणि ती पापडी सगळ्यांना फसवत होती. वरून बघणाऱ्याला वाटे, वेल तहानली आहे.

मी भेंडी सोडून परत गॅलरीत गेले, पापडी उचलली आणि खाली बोट खुपसलं. बोट आत गेलं ते श्रीखंडात गेल्यासारखं. बाहेर काढलं तर काळं, आणि त्याला तुंबलेल्या मोरीचा वास. बादलीभोवती चिलटं घोंगावत होती. ती केळ्यांमुळे येतात म्हणून आईने केळी आणणंच बंद केलं होतं. केळी बिचारी निर्दोष होती.

म्हणजे आत पाणी तुंबलं होतं. मुळांनाही हवा लागते, पाण्यात ती गुदमरतात आणि कुजतात, हे बाईंनी सांगितलंच होतं. पहिल्या 'का'चं उत्तर मिळालं. दुसरा 'का' मात्र अडून बसला. पाणी रोज एकच मग, तर मग ते तुंबलं कशामुळे?

आता एकच संशयित उरला होता, आणि तो आमच्या घरातला नव्हता. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये पद्माकाकू राहतात. त्यांची कपडे वाळत घालायची दांडी बरोबर आमच्या बादलीखाली येते. आमच्या वेलीचं पाणी त्यांच्या कपड्यांवर टपकायचं, मातीचे डाग पडायचे, आणि काकू खालून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडायच्या. एकदा त्या म्हणाल्या होत्या की एक दिवस वर येऊन त्या वेलीत फिनेल ओतीन.

फिनेलने काय होतं, ते मी बाईंना विचारलं नव्हतं. पण बादलीत भर घालणारा आणखी एक हात असू शकतो, एवढं मला पुरेसं होतं.

४

पद्माकाकू बँकेतून रिटायर झाल्यात. त्यांच्याकडे जायला कारण लागतं, म्हणून मी त्यांचा राहिलेला डबा घेऊन गेले. त्यांनी मला बसवलं, चिवडा दिला आणि अभ्यासाचं विचारलं. मी म्हटलं, काकू, अभ्यास ठीक आहे, तुम्ही आमच्या वेलीत फिनेल ओतलंत का?

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"अगं, फिनेल मी नुसतं बोलते, ओतत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता कशाला ओतू? माझं तुमच्याशी काही भांडणच राहिलं नाही. ये, दाखवते."

त्यांनी मला त्यांच्या गॅलरीत नेलं. दांडीवर पांढरीशुभ्र चादर वाळत होती, बरोबर आमच्या बादलीखाली. तिच्यावर एक डाग नव्हता.

"पूर्वी इथे फडकंसुद्धा कोरडं राहत नव्हतं. हल्ली तुमच्याकडून थेंब पडत नाही. तुझी वहिनी गुणी आहे हो. मी त्या दिवशी जरा जास्तच बोलले तिला, पण तिने मनावर घेतलं बघ. पाणी बेताने घालते आता."

मी चिवडा खायची थांबले. वहिनी पाणी बेताने घालत नव्हती. ती तोच मग तेवढाच भरून ओतत होती, हे तिने मला दुपारीच सांगितलं होतं. मग आधी टपकणारं पाणी आता टपकत का नव्हतं?

मी काकूंना म्हटलं, तुम्ही इथेच थांबा, बादलीखाली हात धरा. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी धरला. मी जिने चढून धावत वर गेले. वेल आधीच बुडालेली, तिच्यावर अजून पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं, पण मन घट्ट करून एक मग ओतला आणि ग्रिलमधून खाली वाकून बघितलं.

पद्माकाकू तळहात पसरून उभ्या होत्या, तीर्थ घेतल्यासारख्या. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. त्यांचा हात भरून आला, त्यांनी दुसरा धरला.

एकही थेंब पडला नाही.

तेव्हा मला गुन्हेगार कळला. आमच्या घरात गळणारी गोष्ट बंद करणारा एकच माणूस आहे. आणि नेमका तोच वहिनीला घेऊन जायला निघाला होता.

५

माझा दादा महाळुंग्याला ज्या कंपनीत आहे, तिथे गाड्यांचे रेडिएटर बनतात. दादा ते पाण्यात बुडवून, आत हवा सोडून बुडबुडे शोधतो. एक बुडबुडा दिसला की माल परत. दिवसभर हे काम करून त्याची नजर तशीच झाली आहे. घरातला एक नळ टपकत नाही. फ्लशची टाकी, कूलर, आज्जीची गरम पाण्याची पिशवी, सगळ्यांचं गळणं त्याने बंद केलंय. कुणाच्या घरी गेला तरी तो आधी मोरीत डोकावतो.

या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट होती. मी शाळेतून यायच्या आधी तो जायचा आणि मी झोपल्यावर यायचा, म्हणून त्याचा जबाब राहिला होता. गुरुवारी सकाळी तो अंघोळ करून, शर्ट इस्त्री करून तयार होता. वहिनीच्या खांद्यावर पर्स होती. मी शाळेला दांडी मारून दोघांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले आणि म्हटलं की कुणीही घराबाहेर जायचं नाही. पप्पांनी टीव्ही बंद केला. हे आमच्या घरात सहसा होत नाही.

मी सगळं सांगितलं. पानं का पिवळी पडली? मुळं गुदमरली. का गुदमरली? पाणी तुंबलं. पाणी जास्त घातलं का? नाही, तेवढंच घातलं. मग का तुंबलं? कारण खाली जायला वाट नाही. पुरावा म्हणून मी पद्माकाकूंची कोरडी चादर सांगितली. आणि मग दादाकडे वळले.

"दादा, पप्पांनी बादलीला भोकं पाडली होती ना?"

"होती की," दादा म्हणाला. "मी बुजवली."

तो हे किती अभिमानाने म्हणाला, ते सांगता येणार नाही. पुढे न विचारताच सगळं बोलून गेला. पद्माकाकू एकदा खालून ओरडल्या, आणि वहिनी रिकामा मग हातात घेऊन आत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. नवीन पोरगी, तिला सगळ्या सोसायटीसमोर बोलणी बसली. पुढच्या सुट्टीला वहिनी कामावर आणि आई बाजारात असताना दादाने बादली उचलली, खाली नळ जोडायची पुट्टी भरली आणि वाळवली.

"टेस्ट पण मारली," तो म्हणाला. "शून्य गळती."

मग त्याने आमचे चेहरे बघितले. वहिनी त्याच्याकडे अशी बघत होती की रागवावं की हसावं, हे तिचं ठरत नव्हतं.

"अहो, ते गळण्यासाठीच होतं," ती म्हणाली.

दादा टूलबॉक्स घेऊन आला. पुट्टी दगडासारखी झाली होती. त्याने ग्रिलमधून हात घालून खालून स्क्रूड्रायव्हर लावला आणि ठोकला. दुसऱ्या ठोक्याला पुट्टी निघाली, आणि काळं, घाण वास मारणारं पाणी धो धो खाली गेलं. खाली काय वाळत असतं, ते माझ्या साफ डोक्यातून गेलं होतं. पद्माकाकूंनी खालून आमच्या सगळ्यांची नावं घेतली, अगदी पप्पांचंसुद्धा.

पण मी तिकडे बघत नव्हते. आज्जी दारात उभी होती. त्या काळ्या पाण्याकडे बघता बघता ती भिंतीला धरून खाली बसली.

६

आईने पाणी आणलं. आज्जीने ते घेतलं नाही.

"चर बुजवला व्हता," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, कुठला चर? मग तिने थांबत थांबत सांगितलं. तिचं लग्न होऊन पहिलंच वर्ष होतं. पान खुडायला मळ्यात गेली आणि तिथेच तिला पाळी आली. कुणाला सांगायची सोय नव्हती, गुपचूप घरी आली. पण सासूला कळलं. त्याच वर्षी मळा पिवळा पडला. अर्धी वेल कुजून गेली. सगळ्या भावकीसमोर तिला उंबऱ्याबाहेर बसवलं, आणि सासऱ्यांनी सांगितलं की हिचा हात पुन्हा वेलीला लागता कामा नये.

"म्या बी तेच खरं धरलं," आज्जी म्हणाली. "जलमभर धरलं. पर त्याच साली मामंजींनी गाडीवाट काढाया मळ्याच्या खालच्या अंगाचा चर बुजवल्याला. पाणी जायाची वाट. असंच काळं पाणी साचल्यालं गं सरीतनं. असाच वास. म्या रोज बगत व्हते, आन् माज्या ध्यानात आलं न्हाई."

मला एकदम कळलं की ती या वेलीला हात का लावत नव्हती. वाकवण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

मी तिला म्हटलं की आज्जी, ती केस पण सुटली. तुझा हात त्यात नव्हता. तिने पदराने तोंड पुसलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की जणू तो ती तिकडे, त्या मळ्यातूनच धरून आली होती. मग हसली. तिचे सगळे रंगलेले दात दिसले.

त्यानंतर उपचार. आम्ही वेल बादलीतून काढली. मुळं बरीचशी काळी, ओढली की दोऱ्यासारखी हातात येत होती, पण मध्ये थोडी पांढरी, कडक मुळं उरली होती. काळी सगळी कापून टाकली आणि कापलेल्या जागी हळद लावली. पिवळी पानं काढली, म्हणजे वेलीला त्यांचा भार नको. बादली धुतली. दादाने स्वतःच्या हाताने पूर्वीपेक्षा मोठी भोकं पाडली, चेहरा मात्र मांजराला अंघोळ घालताना होतो तसा केला होता. तळाला विटांचे तुकडे, वर माती, वाळू आणि नारळाच्या शेंड्यांचा चुरा. चहाचा चोथा बंद, आईला सक्त ताकीद. यापुढे बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी. आणि वेल दगावलीच, तर हाताशी असावीत म्हणून हिरव्या शेंड्याची दोन-तीन कांडी वेगळ्या डब्यात लावायची.

या सगळ्या गडबडीत वहिनी गॅलरीच्या उंबऱ्यापलीकडेच उभी होती. पर्स अजून खांद्याला होती. आज्जीने तिच्याकडे बघितलं.

"तू का तिकडं? ये हिकडं."

वहिनी जागची हलली नाही. मग हळूच म्हणाली, "आज्जी, आज माझी पाळी आहे."

पप्पा एकदम छताकडे बघायला लागले. आईचा हात मातीत थांबला. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात. मग आज्जीने एक कांडं उचललं आणि वहिनीपुढे धरलं.

"मग बस खाली. उभ्यानं कांडं रोवता येतं व्हय?"

वहिनीने पर्स खाली टाकली आणि बसली. आज्जीने तिला दाखवलं, पेर मातीत कसं गाडायचं, कोंब फुटायचा डोळा वर कसा ठेवायचा. दाखवता दाखवता तिचा स्वतःचा हात मातीत गेला आणि तिथेच राहिला. ती माती बोटांनी दाबत होती, पुन्हा मोकळी करत होती, पुन्हा दाबत होती.

मध्येच महाळुंग्याच्या घरमालकाचा फोन आला. वहिनीचे दोन्ही हात चिखलात, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. खोली नको, असं तिने सांगितलं. त्याने कारण विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "इथून बस बरी पडते."

वेलीने बरेच दिवस आम्हाला टांगून ठेवलं. अजून काही पानं गळली, मग गळायची थांबली. एके दिवशी शेंड्याला गुंडाळी केलेलं इवलंसं पान दिसलं, पोपटी, चकचकीत. ते आज्जीला आधी दिसलं, कारण आता पाट टाकून ती दारात नाही, गॅलरीत बसते. पहिलं मोठं झालेलं पान तिने स्वतः खुडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं वहिनीला दिलं. वहिनीला विडा अजिबात आवडत नाही. तिने तो तसाच चावून संपवला.

परवा सुट्टीच्या दिवशी सगळे घरात होतो. वहिनीने वेलीला पाणी घातलं, आणि थोड्या वेळाने खालून पद्माकाकूंचा आवाज आला.

"अगं, वरून पाणी गळतंय."

दादा सवयीने उठला आणि त्याचा हात टूलबॉक्सकडे गेला.

"बस खाली," आज्जी म्हणाली. "गळू दे."